मारियोच्या ८-४ पर्यंत कोण कोण पोचलं?

‘सुपर मारियो ब्रदर्स’ हा गेम पाच मिनिटांच्या आत संपतो. एप्रिल २०२१ मध्ये निफ्टस्की या नावाने खेळणाऱ्या खेळाडूने तो ४ मिनिटं ५४.९४८ सेकंदांत संपवला. ४ मिनिटं ५५ सेकंदांच्या आत येणारा तो पहिला. आणि आपल्याकडे नव्वदच्या दशकात शाळेच्या सुट्ट्या मारियोवर घालवलेली कितीतरी माणसं आहेत, ज्यांनी ८-४ चा शेवटचा किल्ला कधी डोळ्यांनी पाहिलेला नाही!

ती उणीव भरून काढायला आता बरेच जण पुन्हा बसतात. लहानपणी अर्धवट सुटलेले गेम काढायचे आणि एकेक करून शेवटापर्यंत न्यायचे. हा छंद मला मनापासून आवडतो, कारण जुने गेम मुळात लांब नसतातच. मारियोच्या कॅसेटमध्ये एकूण ४० किलोबाइट माहिती आहे. आज व्हॉट्सॲपवर आलेला ‘शुभ सकाळ’चा फोटोसुद्धा बहुतेक वेळा त्याहून जड असतो. एवढ्याशा जागेत तासन्‌तास पुरेल असा खेळ बसवायचा, तर तो अवघडच करावा लागतो. म्हणून हे गेम खेळताना वेळ जातो तो शिकण्यात. उडी कुठून घ्यायची, कासव कधी येणार, कुठल्या विटेत काय दडलंय, हे सगळं पाठ झालं की उरतो तो अर्ध्या तासाचा खेळ.

४० किलोबाइटची करामत

मारियोमधले ढग आणि झुडपं नीट बघा. आकार एकच आहे, फक्त रंग बदललाय! पांढरा रंग दिला की ढग, हिरवा दिला की झुडूप. १३ सप्टेंबर १९८५ ला जपानमध्ये हा गेम आला, तेव्हा शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांच्या चमूने प्रत्येक बाइट असा जपून वापरला होता. ज्या यंत्रावर तो चालायचा, त्या फॅमिकॉमची कामापुरती स्मरणशक्ती होती फक्त २ किलोबाइट.

१-१ ही पहिली स्टेज तर न बोलता शिकवणारा धडा आहे. पहिला मशरूम विटेतून बाहेर पडतो, उजवीकडे सरकतो, पाइपला आपटतो आणि उलटा फिरून तुमच्याकडेच येतो. नवख्या खेळाडूला वाटतं हाही शत्रूच; तो उडी मारून चुकवायला जातो, पण वरच्या विटांना डोकं आपटून खाली येतो आणि मशरूम अंगावर घेतो. मारियो मोठा होतो. मशरूम चांगला असतो हे एक शब्दही न लिहिता समजलं. ही जागा योगायोगाने घडलेली नाही, मुद्दाम तशी आखलेली आहे.

आता एक गुपित सांगतो, जे आपल्याकडे माहिती पुस्तिका नसल्यामुळे फार थोड्यांना कळलं. गेम ओव्हर झाल्यावर सुरुवातीच्या पडद्यावर ‘ए’ बटण दाबून धरा आणि स्टार्ट दाबा. ज्या वर्ल्डमध्ये आउट झालात, त्याच वर्ल्डच्या पहिल्या स्टेजपासून खेळ सुरू होतो. ही सोय गेममध्ये १९८५ पासून आहे. आणि आपण दर वेळी १-१ पासून सुरू करत होतो!

३-१ च्या शेवटी पायऱ्यांवरून एक कासव उतरतं. त्याच्या कवचावर योग्य जागी उडी बसली की ते पायरीला आपटून पुन्हा पुन्हा पायाखाली येतं आणि जीव वाढतच जातात. मात्र हावरटपणा करू नका. जीव मोजणारा आकडा १२७ पर्यंतच ठीक चालतो. त्यापुढे गेलात की गेमच्या हिशेबात तो उणे होतो आणि पुढच्या वेळी मेलात की थेट गेम ओव्हर.

१-२ च्या शेवटच्या पाइपजवळ एक विशिष्ट उडी मारली की मारियो भिंतीतून आत घुसतो आणि ‘वर्ल्ड -१’ नावाच्या पाण्याखालच्या स्टेजमध्ये पोचतो. या स्टेजला शेवट नाही. पाइपमध्ये शिरलं की पुन्हा तीच स्टेज. आतल्या नोंदीनुसार ते वर्ल्ड ३६ आहे. ३६ व्या क्रमांकाचं चित्र कोरं असल्यामुळे पडद्यावर फक्त ‘-१’ उरतं.

वेगाने खेळणाऱ्यांचं शास्त्र याहून चक्रावणारं आहे. स्टेज संपली की गेम पुढची स्टेज लगेच सुरू करत नाही. दर २१ फ्रेमनी, म्हणजे साधारण ०.३५ सेकंदांनी, एकदा तो बघतो आणि मगच पुढे सरकतो. स्टँडवरून एसटी ठरलेल्या वेळेलाच सुटते, तसं हे आहे: दहा मिनिटं आधी पोचा नाहीतर एक मिनिट आधी, गाडी एकच मिळणार. त्यामुळे एखाद्या स्टेजमध्ये चार फ्रेम वाचवून काहीच हाती लागत नाही. आधीची गाडी पकडता येईल इतका वेळ वाचला तरच उपयोग. अपवाद फक्त ८-४ चा. तिथे शेवटी ठेवलेल्या कुऱ्हाडीला हात लागला की घड्याळ थांबतं, म्हणून शेवटच्या किल्ल्यात एकेका फ्रेमसाठी झुंज चालते. पाच मिनिटांच्या या मार्गात ४-२ मधल्या वेलीवरून किंवा पाइपमधून थेट आठव्या वर्ल्डला जाता येतं. ३२ च्या ३२ स्टेज खेळणाऱ्यांची स्पर्धा वेगळी असते आणि तिथले अव्वल खेळाडू १९ मिनिटांच्या आत येतात.

राजकन्या सापडली म्हणजे संपलं, असंही नाही. त्यानंतर गेम पुन्हा पहिल्यापासून खेळायला देतो, आणि या वेळी मशरूमसारख्या दिसणाऱ्या गुंबांच्या जागी टणक पाठीचे भुंगे चालत येतात, ज्यांच्यावर आगीचे गोळे चालत नाहीत.

पिवळ्या कॅसेटचे दिवस

आपल्याकडे आलेली यंत्रं बहुतेक फॅमिकॉमच्या नकला होत्या. लिटल मास्टर, टर्मिनेटर ही नावं अनेकांच्या ओळखीची असतील. सोबतच्या पिवळ्या कॅसेटवर ‘९९९९ इन १’ लिहिलेलं असायचं. प्रत्यक्षात मोजके गेम, आणि तेच पुन्हा वेगवेगळ्या नावांनी. कुठे सुरुवातीची स्टेज बदललेली, कुठे जीव वाढवलेले. तरीही या कॅसेटींनी एक मोठं काम केलं: जपानमध्ये एकेक करून विकत घ्यावे लागणारे उत्तम गेम महाराष्ट्रातल्या गल्लीबोळांत एका कॅसेटमध्ये पोचवले. मारियो, कॉन्ट्रा, बॅटल सिटी, सर्कस चार्ली, ॲडव्हेंचर आयलंड, डक हंट. जुने गेम संपवायच्या चॅलेंजसाठी याहून चांगली यादी मला तरी सुचत नाही.

कॅसेट चालली नाही की काढून फुंकर मारायची, हा विधी जगभर एकच होता. अमेरिकेतली मुलंही हेच करत होती! फुंकरीचा मात्र उपयोग नसतो. कॅसेट काढून पुन्हा बसवली की धातूचे संपर्क नीट जुळतात, म्हणून ती चालते. तोंडातल्या ओलाव्याने उलट ते संपर्क गंजतात. खुद्द निन्टेन्डोने फुंकू नका असं सांगितलेलं आहे. जुनी कॅसेट आज चालवायची असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित बुडवलेला कापसाचा बोळा संपर्कांवरून फिरवा आणि पूर्ण वाळू द्या.

बॅटल सिटी, म्हणजे आपला ‘टँक’, नाम्कोचा १९८५ चा गेम. त्याचा आकार तर फक्त २४ किलोबाइट! ३५ स्टेज, प्रत्येक स्टेजमध्ये शत्रूचे बरोबर २० रणगाडे. त्यातला चौथा, अकरावा आणि अठरावा लुकलुकत येतो. त्याला गोळी लागली की बक्षीस मिळतं. फावडं मिळालं की आपल्याला राखायच्या गरुडाभोवतीची विटांची भिंत थोड्या वेळासाठी पोलादी होते, आणि शेवटच्या स्टेजमध्ये त्या थोड्या वेळाची किंमत कळते. ३५ संपल्या की गेम पुन्हा पहिलीपासून चालू होतो, त्यामुळे ३५ वी पार झाली की जिंकलो असं आपणच ठरवायचं. या गेमच्या पोटात एका प्रोग्रॅमरने आपल्या प्रेयसीसाठी प्रेमाचा कबुलीजबाब लपवून ठेवला आहे. बटणांचा एक लांबलचक क्रम दाबला तर तो पडद्यावर उमटतो. रणगाड्यांच्या गेममध्ये प्रेमपत्र! मला ही गोष्ट फार गोड वाटते.

ॲडव्हेंचर आयलंडमधला गवताचा घागरा घातलेला, टोपीवाला गोलमटोल नायक आठवतो? तो खऱ्या माणसावर बेतलेला आहे. हडसन कंपनीतला ताकाहाशी मेजिन हा तिथल्या मुलांचा हिरो होता, कारण तो एका सेकंदात १६ वेळा बटण दाबायचा. या गेममध्ये ३२ राउंड आहेत आणि भुकेची पट्टी सतत घटत असते, म्हणून फळं खात पळावं लागतं. पहिल्याच राउंडच्या शेवटी, पाटीजवळ एक लपलेलं अंडं आहे. उड्या मारून ते उघडं करा, आतली मधमाशी घ्या. मग गेम ओव्हर झाल्यावर दिशेचं बटण दाबून धरून स्टार्ट दाबलं की तिथूनच पुढे खेळता येतं. ही मधमाशी न घेता तो गेम पूर्ण करणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

आणि कॉन्ट्रा. वर, वर, खाली, खाली, डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे, बी, ए, मग स्टार्ट. तीन जिवांचे तीस होतात. हा क्रम कॉन्ट्रासाठी बनलेलाच नव्हता. १९८६ मध्ये कोनामीचे काझुहिसा हाशिमोतो ‘ग्रेडियस’ हा गेम घरच्या यंत्रावर आणत होते. तपासायला तो गेम पूर्ण खेळून बघावा लागायचा, आणि तो त्यांनाच जमेना! म्हणून त्यांनी सगळी शस्त्रं एकदम मिळवून देणारा हा क्रम घातला. गेम बाजारात गेला तेव्हा तो आतच राहिला होता. पुढे कोनामीने तो कित्येक गेममध्ये हौसेने वापरला. हाशिमोतो २०२० मध्ये गेले, तेव्हा जगभरातल्या खेळाडूंनी हाच क्रम लिहून त्यांना निरोप दिला.

जपानी फॅमिकॉमच्या दुसऱ्या रिमोटला छोटा मायक्रोफोनही होता, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल? ‘लेजंड ऑफ झेल्डा’च्या जपानी आवृत्तीत लांब कानांचा एक शत्रू त्या मायक्रोफोनमध्ये ओरडलं की मरतो. चॅलेंज घेणाऱ्याच्या शेजाऱ्यांसाठी ही माहिती महत्त्वाची आहे.

सेव्ह करण्याची सोय नसलेला ‘ड्रॅगन क्वेस्ट २’ खेळणारी जपानी मुलं ५२ अक्षरांपर्यंतचा पासवर्ड वहीत उतरवून घ्यायची. एक अक्षर चुकलं की काही दिवसांचा खेळ पाण्यात. ‘पंच-आउट’ मात्र दिलदार: ००७ ३७३ ५९६३ हे आकडे टाका, थेट माइक टायसनसमोर उभे राहाल. पहिली ९० सेकंदं त्याचा एकेक अपरकट तुम्हाला जमिनीवर झोपवतो. त्यातून वाचणं हेच एक वेगळं चॅलेंज. हा गेम १९८७ चा, आणि त्यातला एक इशारा तब्बल २९ वर्षांनी, २०१६ मध्ये, लोकांच्या लक्षात आला. मागच्या प्रेक्षकांत एक दाढीवाला माणूस आहे. तो ज्या क्षणी खाली वाकतो, त्या क्षणी ठोसा मारला की काही लढतींत समोरचा बॉक्सर एका फटक्यात आडवा!

एका कॉइनमध्ये

पार्लरमध्ये एक रुपयाचं कॉइन टाकून ‘मुस्तफा’ खेळलेल्यांना वेगळं सांगायला नको. त्या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’, कॅपकॉमचा, १९९३ चा. चौघांपैकी पिवळी टोपी घातलेला मुस्तफा कैरो सगळ्यांत चपळ, त्यामुळे भारतभर गेमच त्याच्या नावाने ओळखला गेला. मूळ कथा मार्क शुल्ट्झ यांच्या कॉमिकची आहे. आठ स्टेज, आणि शेवटी स्वतःवरच प्रयोग करून राक्षस झालेला डॉक्टर फेसेंडेन.

पार्लरच्या गेमचं चॅलेंज एकाच नियमाचं असतं: पूर्ण गेम एका कॉइनमध्ये. जगभर याला ‘वन क्रेडिट क्लिअर’ म्हणतात. मला हा नियम सगळ्या नियमांत सुंदर वाटतो. घरी बसून हवी तितकी कॉइन टाकता येत असताना ‘एकच’ असं ठरवलं, की प्रत्येक चाल महत्त्वाची होते. मुस्तफात मग कळतं, की गाडीवाली स्टेज ही विश्रांती आहे आणि चाकू फेकणारी टोळी हा खरा बॉस.

१९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये ५५ परग्रहवासी हळूहळू खाली येतात आणि जसजसे मरतात तसतसे उरलेले वेगाने धावायला लागतात. अंगावर काटा आणणारा हा परिणाम प्रोसेसरच्या मर्यादेतून आला. कमी आकृत्या हलवायच्या असल्या की यंत्राला वेळ कमी लागतो, म्हणून वेग वाढतो. ते बनवणाऱ्या तोमोहिरो निशिकादो यांनी तो तसाच ठेवला, आणि खेळ जसा पुढे जाईल तसा अवघड होत जाणं ही गोष्ट पुढच्या सगळ्या गेमना मिळाली.

‘पॅकमॅन’ची चार भुतं सारखी दिसली तरी त्यांचे स्वभाव वेगळे आहेत. लाल भूत सरळ तुमच्या मागे लागतं. गुलाबी भूत तुमच्या चार घरं पुढची जागा हेरतं. नारिंगी भूत लांब असताना पाठलाग करतं आणि आठ घरांच्या आत आलं की कोपऱ्यात पळून जातं. तुमच्या हालचाली हुबेहूब त्याच असल्या तर भुतांच्याही हुबेहूब त्याच राहतात, म्हणून पट्टीचे खेळाडू अख्खे मार्ग पाठ करतात. २५५ स्टेज अशा जातात. २५६ व्या स्टेजला पडद्याचा उजवा अर्धा भाग अक्षरं आणि चिन्हांच्या कचऱ्याने भरतो, कारण स्टेज मोजणारा आकडा २५५ च्या पुढे शून्यावर येतो आणि खाली फळं काढणारा भाग भरकटतो. तिथवर एकही ठिपका, फळ किंवा भूत न सोडता पोचलं तर गुण होतात ३३,३३,३६०. यापेक्षा जास्त मिळवणं शक्यच नाही.

‘डाँकी काँग’ २२ व्या लेव्हलला तुमचा जीव घेतो. कारण साध्या बेरजेतलं आहे. बोनसची वेळ ठरवताना गेम लेव्हलला दहाने गुणतो आणि चाळीस मिळवतो. २२ ला उत्तर येतं २६०. पण त्या जागेत २५५ पर्यंतच मावतं, म्हणून उरतात ४. घड्याळ काही सेकंदांत संपतं, मारियो उभ्या उभ्या कोसळतो. १९८१ च्या या गेममध्ये त्यापुढे कुणालाच जाता येत नाही.

साठ मिनिटं, एक सावली

कॉम्प्युटर क्लासला जाऊन डॉस शिकलेल्यांच्या आठवणीत दोन गेम हमखास असतात. एक जॉन रोमेरोचा ‘डेंजरस डेव्ह’: दहा लेव्हल, प्रत्येकीत एक चषक. दुसरा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’, आणि त्यावर मला थोडं रेंगाळायचंय, कारण पूर्ण करण्यासाठी याच्याइतका देखणा जुना गेम नाही.

जॉर्डन मेकनरने तो १९८९ मध्ये ॲपल-२ या संगणकासाठी बनवला. राजपुत्राचं धावणं, लटकणं, तोल सावरणं इतकं जिवंत का वाटतं? मेकनरने धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं चित्रीकरण केलं आणि एकेक फ्रेम गिरवून घेतली. तलवारबाजी १९३८ च्या ‘द ॲडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ या चित्रपटातल्या एरॉल फ्लिन आणि बेसिल रॅथबोन यांच्या द्वंद्वावरून घेतली. संगीत वडिलांनी दिलं. घरचाच कारखाना!

राजपुत्राच्या हालचालींनी सगळी मेमरी खाल्ल्यामुळे दुसरं मोठं पात्र बसवायला जागा उरली नाही. मेकनरने मग राजपुत्राच्याच चित्राला त्याच चित्रावर किंचित सरकवून बसवलं. त्यातून एक चमचमती, भुतासारखी आकृती तयार झाली. तीच ती सावली! चौथ्या लेव्हलला आरशातून उडी मारली की ती बाहेर पडते. पाचव्या लेव्हलला तुमचं औषध पिऊन टाकते. सहाव्याला दरवाजा बंद करून तुम्हाला खाली पाडते. आणि बाराव्या लेव्हलला तलवार उपसून समोर उभी राहते. इथे कित्येक जण अडकतात, कारण सावलीला जखम केली की आपलाच जीव कमी होतो. उपाय एकच: तलवार म्यान करायची आणि तिच्याकडे चालत जायचं. दोघं एक होतात, आणि पुढच्या पोकळीत पाऊल टाकलं की पायाखाली फरशी उमटत जाते. मेमरी कमी पडली म्हणून जन्मलेल्या पात्राला गेममधला सर्वांत मोठा प्रसंग मिळाला.

राजकन्येपर्यंत पोचायला एकूण ६० मिनिटं असतात, खऱ्या घड्याळाची. म्हणजे ज्याला रस्ता पाठ आहे त्याचा गेम एका तासात संपतोच, जिंकून नाहीतर हरून. मूळ प्रोग्रॅम हरवला असं मेकनरला कित्येक वर्षं वाटत होतं. २०१२ मध्ये वडिलांना जुन्या खोक्यात त्याच्या फ्लॉपी सापडल्या. जुन्या यंत्रांच्या जाणकारांनी त्यांतली माहिती वाचून काढली आणि मेकनरने तो प्रोग्रॅम सगळ्यांसाठी खुला केला.

न संपणारा गेम संपवणारा मुलगा

‘टेट्रिस’ १९८४ मध्ये मॉस्कोच्या विज्ञान अकादमीत अलेक्सी पाजितनोव यांनी बनवला. त्यांच्या इलेक्ट्रॉनिका ६० या संगणकावर चित्रं काढताच येत नव्हती, म्हणून पहिले तुकडे चौकटी कंसांचे होते. १९९३ मध्ये अंतराळवीर अलेक्सांद्र सेरेब्रोव तो गेमबॉयमध्ये घालून मीर स्थानकावर घेऊन गेले.

निन्टेन्डोच्या १९८९ च्या आवृत्तीत २९ वी लेव्हल आली की तुकडा वरून तळाला फक्त एक तृतीयांश सेकंदात पोचतो. बटण दाबून धरून तो कडेपर्यंत नेताच येत नाही, म्हणून वर्षानुवर्षं तोच गेमचा शेवट मानला गेला. मग काही खेळाडूंनी बटण थरथरत्या अंगठ्याने दाबायला सुरुवात केली. नंतर त्याहून अजब युक्ती निघाली: अंगठा बटणावर स्थिर ठेवायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी रिमोटच्या पाठीवर एकामागून एक टकटक करायची. रिमोटच अंगठ्यावर येऊन आपटतो! २१ डिसेंबर २०२३ ला ओक्लाहोमातला ब्लू स्कुटी या नावाने खेळणारा १३ वर्षांचा मुलगा याच पद्धतीने १५७ व्या लेव्हलला पोचला आणि गेम गोठला. गुणांचा हिशेब करायला यंत्राला इतका वेळ लागला की त्याचं पुढचं काम कोलमडलं. माणसाने तो गेम हरवण्याची ती पहिली वेळ. पुढच्या वर्षी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, दुसऱ्या एका मुलाने गेम गोठवणाऱ्या जागा चुकवत २५५ वी लेव्हलही पार केली आणि आकडा परत शून्यावर आला.

मुद्दाम छळणारे गेम

जपानी विनोदवीर आणि पुढे ‘हाना-बी’सारखा चित्रपट काढणारे ताकेशी किटानो यांच्या नावाने १९८६ मध्ये ‘ताकेशीचं आव्हान’ हा गेम आला. त्यात मायक्रोफोनमध्ये कराओके गावं लागतं. एका ठिकाणी एक तास रिमोटला हात न लावता थांबावं लागतं. २००३ मध्ये जपानी टीव्हीवर ‘गेम सेंटर सीएक्स’ हा कार्यक्रम सुरू झाला, त्याच्या पहिल्या भागात हाच गेम होता. शिन्या आरिनो हा विनोदी कलाकार कंपनीच्या कामगारासारखं जॅकेट घालून बसतो, कपाळावर ताप उतरवायची पट्टी लावतो आणि दिवसभर एकच जुना गेम संपवायचा प्रयत्न करतो. तो मुळीच निष्णात खेळाडू नाही. सारखा मरतो, पुन्हा बसतो, कधी मदतनीस येऊन एखादी स्टेज पार करून देतो. हा कार्यक्रम दोन दशकांहून अधिक काळ चालला, २०१३ मध्ये तर तोक्योच्या बुडोकान सभागृहात त्याचा जाहीर सोहळा झाला. सामान्य माणूस हट्टाने गेम संपवतोय हे बघायला लोकांना किती आवडतं, याचा याहून मोठा पुरावा नको.

‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’ हा कॅपकॉमचा १९८५ चा गेम. एक फटका बसला की सरदार आर्थरचं चिलखत गळून तो आतल्या चड्डीवर येतो, दुसऱ्या फटक्याला हाडांचा सापळा. जिवाच्या आकांताने शेवटाला पोचलं की गेम सांगतो, हा सगळा सैतानाचा भ्रम होता, पुन्हा पहिल्यापासून खेळा! ‘बॅटलटोड्स’च्या मूळ आवृत्तीत तर दोघांनी मिळून खेळलं की अकराव्या लेव्हलला दुसऱ्या खेळाडूचा रिमोटच चालत नाही.

यांतले शेवटचे दोन गेम, आणि त्यांच्यासारखे आणखी शेकडो, एकाच माणसाने संपवले आहेत. द मेक्सिकन रनर नावाच्या खेळाडूने २०१४ ते २०१७ या काळात एनईएसचे, म्हणजे फॅमिकॉमच्या जपानबाहेरच्या रूपाचे, ७१४ अधिकृत गेम पूर्ण केले, सगळे लोकांसमोर थेट प्रक्षेपण करत. ३,४०० तासांहून अधिक वेळ! त्या यादीत खरा कीबोर्ड जोडून पियानो शिकवणारी कॅसेटसुद्धा होती. म्हणजे गेम संपवायचा तर पियानो शिकायचा.

वेगाने खेळणाऱ्यांनी या छंदातून पैसाही उभा केला आहे. ‘गेम्स डन क्विक’ हे मॅरेथॉन २०१० मध्ये काही मित्रांनी सुरू केलं. दिवसरात्र एकामागून एक गेम संपवायचे, बघणाऱ्यांनी देणग्या द्यायच्या. इथे ‘पंच-आउट’ डोळ्यांवर पट्टी बांधून, फक्त आवाज ऐकून खेळला गेलाय. जानेवारी २०२० च्या एका आठवड्यात या मॅरेथॉनमधून कर्करोग प्रतिबंधाच्या कामासाठी ३१ लाख डॉलर जमले.

बसायचं असेल तर

टीव्हीचा ‘गेम मोड’ चालू करा. नव्या टीव्हीवर बटण दाबणं आणि उडी दिसणं यात किंचित उशीर होतो आणि मारियोत तेवढ्यानेही खड्ड्यात पडायला होतं. डक हंट मात्र नव्या टीव्हीवर जमणारच नाही. ट्रिगर दाबला की पडदा क्षणभर काळा होतो, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो आणि बंदुकीतला डोळा तो उजेड पकडतो. ही वेळ जुन्या काचेच्या ट्यूबवरच जुळते. ती मिळाली तर दुसरा रिमोट मित्राच्या हातात द्या: एकाच बदकाच्या खेळात तो बदक उडवू शकतो! कुत्र्याला मात्र गोळी लागत नाही. कितीही वाटलं तरी.

नियम आधी ठरवा. कुठेही सेव्ह करून मागे जायची सोय आज सगळीकडे आहे. माझं मत असं, की सरावासाठी ती मनसोक्त वापरावी; एखादा बॉस वीसदा लढून पाठ करावा. मोजायचा डाव मात्र सुरुवातीपासून, एका दमात.

पहिला गेम ‘टँक’ घ्या आणि दोघं बसा, एकाने गरुडाजवळ थांबायचं. मग ॲडव्हेंचर आयलंड, मधमाशी घेऊन. मारियो सरावाला ए आणि स्टार्टने, नंतर सरळ. ४-४, ७-४ आणि ८-४ या किल्ल्यांत रस्ता चुकला की तोच भाग पुन्हा समोर येतो, तेव्हा वही-पेन जवळ असू द्या. कॉन्ट्रा आधी तीस जिवांवर खेळा. आठही स्टेज पाहून घ्या, धबधब्यावर कुठे दगड पडतात आणि बर्फात कुठून काय येतं ते लक्षात ठेवा, ‘एस’ लिहिलेली बंदूक मिळाली की जिवापाड जपा. मग एका संध्याकाळी कोड न टाकता, तीनच जीव घेऊन स्टार्ट दाबा.